फुकटच्या वाऱ्याचा वायू

मी चिडकी आहे असं आमच्या हाल्मकोगमध्ये, जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या या गावात, कुणीही सांगेल. अर्धं आयुष्य गावच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवण्यात गेलं. छपराखाली आवाज घुमतो, पोरं ओल्या फरशीवरून धावतात, मग ओरडायची सवय लागते आणि ती घरी येताना मागे राहत नाही. माझा धाकटा भाऊ मेल्फ म्हणतो, "टेल्सेनं नमस्काराचं नुसतं मोइन म्हटलं तरी समोरचा दचकतो." पण ओरडणं वेगळं आणि राग वेगळा. खरा राग मला आयुष्यात फार थोड्या वेळा आला. त्यातला हा सगळ्यात मोठा, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

सुरुवात मात्र गावाच्या रागापासून झाली.

त्या फेब्रुवारीत असं वादळ होतं की गाडीचं दार उघडलं की हातातून निसटायचं. गेशेच्या खानावळीवरची पाटी उडाली ती ब्रोडरच्या मक्याच्या ढिगात जाऊन रुतली. आणि समुद्राच्या बांधापासून थोड्या आत, गावानं स्वतःच्या खिशातून उभ्या केलेल्या पवनचक्क्या गप्प उभ्या. एक पातं हलत नव्हतं. दक्षिणेकडे वीज नेणाऱ्या तारा भरल्या की ग्रिडवाले लांबच्या कचेरीत बसून बटण दाबतात आणि आमच्या चक्क्या थांबतात. भरपाई मिळते, नाही असं नाही. पण वारा कानशिलात मारत असताना थांबलेली चक्की बघणं हे ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल.

मेल्फला तर तो स्वतःचा अपमान वाटायचा. तो आमच्या पवनचक्की कंपनीचा अध्यक्ष. त्याचा धंदा शेतात निचऱ्याचे नळ टाकायचा, पण कंपनी निघाली तेव्हा घरोघर हिंडून, चिखलाचे बूट दारात काढून, एकेकाला भागीदार करून घेणारा तोच.

"भरपाई!" तो गेशेच्या बाकावर बसून म्हणायचा. "दूध काढायचं, गटारात ओतायचं, आणि वर म्हणायचं घे पैसे, गप्प बस. मी भिकारी आहे का?"

"पैसे मिळतात तर घे की," ब्रोडर म्हणायचा. ब्रोडरचा गोबरगॅसचा कारखाना आहे, शेण आणि मक्याचा. तो कशानंच चिडत नाही.

"तू गप. तुझ्या गायी कुणी बटण दाबून थांबवत नाही."

अशा वेळी डॉक्टर फाल्क राइनर्स आला.

हॅम्बुर्गचा सल्लागार. उंच, शांत, कोटाखाली लोकरी गंजी. एकदाच मोइन म्हणाला. दोनदा म्हणणारा आमच्याकडे बडबड्या ठरतो. गेशेच्या दिवाणखान्यात सगळं गाव जमलं होतं. कोळंबीचे पाव होते, रम घातलेली कॉफी होती. त्यानं भिंतीवर चित्रं पाडली आणि फार सोपं करून सांगितलं.

"तुमची थांबवलेली वीज पाण्यात सोडायची. पाणी फुटतं, हायड्रोजन निघतो. ब्रोडर यांच्या कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड आज नुसता हवेत जातो, तो घ्यायचा. दोन्ही तापवून एकत्र आणले की मिथेन. तुमच्या चुलीत जळतो तोच वायू. जमिनीतून उपसलेला नाही, वाऱ्यातून केलेला. तारा भरल्या तर भरू द्या, नळ तर रिकामे आहेत ना?"

दिवाणखाना टाळ्यांनी हादरला. मेल्फचा चेहरा मला दिसत होता. लहानपणी बर्फ पडलेला दिसला की असा व्हायचा.

मी हात वर केला. माझ्या डोक्यात माझा तलाव होता. तलावात एक पोर उतरो की चाळीस, पाणी तापवावंच लागतं, दिवे लावावेच लागतात. यंत्र आणलं की ते रोज खायला मागतं.

"हे यंत्र परवडायचं तर वर्षातला किती वेळ चालायला हवं?"

"जितका जास्त तितकं बरं, श्रीमती लोरेन्झेन. आमच्या हिशोबात जवळजवळ वर्षभर धरलंय."

"आणि आमच्या चक्क्या ग्रिडवाले किती वेळ थांबवतात?"

"साधारण वर्षाचा दहावा हिस्सा. कधी जास्त, कधी कमी."

"मग उरलेला वेळ?"

"उरलेला वेळ तुमचीच वीज, ती स्वस्त असेल तेव्हाची. तिचा भाव आम्ही कमी धरला आहे. खाली टीप आहे बघा." त्यानं हातातल्या दिव्याचा लाल ठिपका भिंतीवर खाली नेला. तिथे बारीक अक्षरात खरंच लिहिलेलं होतं.

"आणि विजेचा गॅस करताना किती हाती लागतं?"

"निम्म्याहून थोडं जास्त. बाकीची उष्णता होते."

मी म्हटलं, "म्हणजे दोन पाव द्यायचे, एक परत घ्यायचा, आणि तो दोनाच्या भावानं विकायचा?"

काही जण हसले. राइनर्सही हसला, चांगलं हसला. "हिरव्या वायूला लोक जास्त भाव देतात. दक्षिणेतला एक गॅस व्यापारी तयार आहे."

तेवढ्यात मेल्फ उठला. "झालं का? टेल्सेला फक्त तिच्या डबक्याची काळजी आहे. पैसे तिकडून इकडे गेले की हिच्या पोटात गोळा येतो."

आता सगळेच हसले. त्यात तथ्य होतंच. चक्क्यांच्या नफ्यातला एक वाटा दरवर्षी गावाच्या गंगाजळीत जायचा, आणि ती तलावाचं छप्पर आणि नवा बॉयलर यांच्यासाठी साठवली जात होती. यंत्रात गावाचा हिस्सा म्हणून तीच जाणार होती. थोडं सरकारी अनुदान मिळणार होतं, बाकीचं बँक देणार होती.

हात वर झाले. माझा, गेशेचा आणि दोन म्हाताऱ्यांचा सोडून सगळ्यांचे.

मला आजही चीड येते ती याची, की तो माणूस खोटं बोलला नाही. मी विचारलं ते सगळं त्यानं सांगितलं. वर्षाचा दहावा हिस्सा म्हणाला, निम्मं म्हणाला, टीप दाखवली. खोटं बोलला असता तर त्याला धरता आलं असतं. लोकांना 'फुकट' एवढं एकच ऐकू आलं, आणि आपल्या तोंडून तो शब्द निघणार नाही याची त्यानं काळजी घेतली. तो शब्द मेल्फनं उच्चारला. "फुकटची वीज," तो गावभर सांगत फिरला, "फुकटची वीज आणि फुकटचा धूर."

ब्रोडरच्या कारखान्याशेजारी यंत्र उभं राहिलं. पांढऱ्या पेट्या, चकचकीत नळ, मधे एक ठेंगणा मनोरा. उद्घाटनाला राजधानीतून कोणी सचिव आले, अग्निशमन दलाचा बँड वाजला. आणि मग त्या वायूच्या ज्योतीवर सॉसेज भाजली गेली. वाऱ्याची सॉसेज. मी दोन खाल्ली. आता कशाला लपवू, मलाही भरून आलं होतं. निळी, स्थिर ज्योत होती. आमचा वारा होता तो. मेल्फ एका नळाला हात लावून उभा होता आणि त्याचे डोळे लाल झाले होते.

"बघ," तो म्हणाला. "बघ, टेल्से."

"बघतेय," मी म्हटलं.

यंत्र चाललं, हे मला पहिल्यांदा सांगायचं आहे. लोक समजतात बिघडलं. बिघडलं नाही. सांगितलं होतं तसाच वायू येत होता, सांगितला होता तितकाच.

पहिलं वादळ आलं आणि चक्क्या थांबायच्या ऐवजी फिरत राहिल्या. मेल्फ खिडकीतून बघत बसायचा. मग डिसेंबरात धुकं उतरलं. बांधावरच्या मेंढ्या दिसेनात. हवा अशी पडली की चिमणीचा धूर सरळ वर जायचा. चक्क्या पुन्हा उभ्या राहिल्या, यावेळी कुणी बटण न दाबता. आणि दक्षिणेतल्या त्या व्यापाऱ्याला तर वायू रोज हवा होता, ठरल्याप्रमाणे. यंत्र थंड पडलं तर पुन्हा तापवायला वेळ जातो, दंड लागतो. मग मेल्फनं ग्रिडकडून वीज विकत घेतली. धुक्यातली वीज, सगळ्या देशाला हवी असते तेव्हाची. त्या विजेचा वायू त्यानं बनवला आणि विकला. बनवायला जेवढं लागलं त्याचा चौथा हिस्साही परत आला नाही.

"पहिलं वर्ष असंच असतं," तो म्हणाला.

दुसऱ्या वर्षी नवी तार आली. जाडजूड, उंच खांबांवरून दक्षिणेकडे गेलेली. किती वर्षं आम्ही तिच्यासाठी अर्ज केले होते, पाट्या लावल्या होत्या, मेल्फ स्वतः ट्रॅक्टर घेऊन मोर्चाला गेला होता. तार आली आणि ग्रिडवाले बटण दाबायचे जवळजवळ थांबले. जी वीज कुणाला नको होती ती आता चांगल्या भावानं जाऊ लागली. सरळ, तारेतून, काहीही न करता. आणि आम्ही तीच वीज त्या पांढऱ्या पेट्यांत घालून, निम्मी घालवून, वायू करत होतो, कारण करार होता, कारण बँकेचा हप्ता होता.

आपल्याला हवं होतं ते मिळालं, आणि त्यानंच आपण बुडालो. यावर कुणी हसावं की रडावं? मी दोन्ही केलं नाही. मी दात खात राहिले.

त्या ऑक्टोबरात तलावाचा बॉयलर गेला. कारागीर जवळच्या हुसुम शहरातून आला, त्यानं आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि टोपी घातली. "याला आता निरोप द्या," म्हणाला. गंगाजळीत काही नव्हतं. मी पाणी सोडून दिलं. पूर्ण तलाव रिकामा व्हायला बराच वेळ लागतो. निळ्या फरशांवर शेवटी एक केसांचं रबर आणि कुणाचा तरी नाक दाबायचा चिमटा उरला.

आमचं गाव समुद्रसपाटीच्या खाली आहे. प्रत्येक शेताला चर, प्रत्येक रस्त्याला कालवा. आमचा सख्खा काका घरापासून हाकेच्या अंतरावर कालव्यात गेला, पोहता येत नव्हतं म्हणून. इथे पोहणं ही चैन नाही. हे मेल्फला सांगायला मी त्याच्या घरी गेले. तो स्वयंपाकघरात एकटाच चहा घेत होता. खडीसाखर कपात तडतडत होती.

"मोइन," तो म्हणाला. "बस."

"मी बसायला आलेली नाही. तलाव रिकामा केला."

"ऐकलं." त्यानं कप फिरवला. "मी विचार केलाय त्यावर. तुला बॉयलर जुना-पुराणा कुठूनतरी मिळवून देतो. आणि वायू आमच्याकडचा. वाऱ्याच्या वायूवर चालणारा पहिला तलाव. पेपरात येईल."



"कुठल्या भावानं?"

"ते बघू."

"मेल्फ, बाजारच्या चौपट भावाचा वायू. माझ्या तलावात. पेपरात येण्यासाठी."

"तू ना, कधीच—"

"मला वायू कशाला हवाय? मला पाणी तापवायचंय! तुझ्या चक्क्यांची वीज दे ना सरळ. टाकीत पाणी तापवायचा दांडा टाकते, घरच्या किटलीत असतो तसा, फक्त मोठा. जेवढी वीज घालीन तेवढं पाणी तापेल, निम्मंबिम्मं काही नाही. वारा असेल तेव्हा टाकी भरून ठेवीन. हे मी आधी म्हटलं होतं!"

"तू म्हटलं नव्हतंस. तू दोन पाव, एक पाव असं काहीतरी बडबडत होतीस."

"मग आता म्हणतेय!"

"आणि रस्ता?" तो उठलाच. "चक्क्या रस्त्याच्या पलीकडे, तलाव अलीकडे. तार रस्ता ओलांडून आणली की ती वीज विकलेली ठरते. कर लागतो, ग्रिडचं भाडं लागतं, परवाने लागतात. मी विचारून आलोय, बाईसाहेब. मला काय गाढव समजतेस?"

"हो."

"काय?"

"हो, समजते. गावाचा पैसा तू एका हॅम्बुर्गच्या कोटवाल्याच्या टिपेवर लावलास. गाढवाला निदान ओझं तरी कळतं."

त्यानं कप ओट्यावर आपटला. फुटला नाही, पण चहा भिंतीवर उडाला. "बाहेर जा," तो म्हणाला. मी गेले. दार मी आपटलं नाही, वाऱ्यानं आपटलं, पण त्याला ते पटलं नसेल.

त्यानंतर आम्ही बोलणं सोडलं. पोरांना मी आठवड्यातून एकदा बसनं हुसुमला न्यायची. तिथल्या तलावात आम्हाला एक कोपरा मिळायचा, तोही उरलेल्या वेळेतला. अर्धी पोरं यायची बंद झाली. दर वेळी बस त्या पांढऱ्या पेट्यांवरून जायची आणि दर वेळी मी तोंड दुसरीकडे करायची.

वसंतात राइनर्स परत आला.

गेशेचाच दिवाणखाना, तीच भिंत. यावेळी टाळ्या नव्हत्या, पण लोक ऐकत होते. बुडणारा माणूस ऐकतोच. राइनर्सनं खिन्न चेहऱ्यानं आकडे दाखवले, काहीही लपवलं नाही, आणि म्हणाला, "दुखणं एकच आहे. यंत्र लहान आहे. लहान यंत्रातला वायू महागच पडतो. दहापट मोठं केलं तर युनिटमागचा खर्च उतरतो. सरकारची नवी योजना आहे. तुमच्याकडे अनुभव आहे, जागा आहे, ब्रोडर यांचा कार्बन आहे."

मेल्फ अध्यक्षाच्या खुर्चीत बसला होता. बारीक झाला होता. तो म्हणाला, "अर्धवट सोडलं तर गेलेलं सगळं गेलं. मोठं केलं तर निदान संधी आहे."

मी उठले.

"दहापट मोठ्या यंत्राला वीज कुठली?"

"तुमच्या चक्क्यांची. जवळजवळ सगळी."

"आज तीच वीज नव्या तारेतून विकली तर जास्त मिळतं की वायू करून विकला तर?"

 तो खोटं बोलणार नाही हे मला माहीत होतं. मी त्याच्यावरच विसंबून होते.

"आज तारेतून," तो म्हणाला. "आज, निर्विवाद. पण श्रीमती लोरेन्झेन, सगळं काही तारेवर चालणार नाही. जहाजं आहेत, रसायनांचे कारखाने आहेत, वारा नसलेले आठवडे आहेत. कधीतरी या वायूची गरज लागणार. कुणीतरी सुरुवात करायला हवी."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "मला पटतं. तुम्ही करा."

"माफ करा?"

"सुरुवात. तुमचा विश्वास आहे ना? यात तुमच्या कंपनीचे स्वतःचे किती?"

"आम्ही सल्लागार आहोत. गुंतवणूक हा आमचा—"

"आणि मागच्या वेळचा सल्ल्याचा मोबदला? तो वायू विकल्यावर मिळाला की आधी?"

उत्तर मेल्फनं दिलं. खाली बघत, कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात. "आधी."

आणि तेव्हा मी ओरडले. तीस वर्षं ज्या आवाजात मी पोरांना थांबवलं त्या आवाजात. "वारा आमचा, शेण ब्रोडरचं, पैसे पोरांचे, हप्ता गावाचा! आणि ह्यांची काय, टीप? तळाची टीप? गरज जगाला लागणार असेल तर जगानं पैसे घालावेत, एका गावानं आपला तलाव विकून का? जहाजवाले कुठेत? रसायनवाले कुठेत? ते बसलेत वायू स्वस्त व्हायची वाट बघत, आणि स्वस्त करायला आम्ही मरायचं?"

कुणी हसलं नाही. ब्रोडर, कशावरच न चिडणारा, मागून म्हणाला, "माझं मत विरोधात. मोठ्याला नाही, आणि हे छोटं पण बंद करा."

मतं झाली. थोड्या फरकानं का होईना, राइनर्सचा ठराव पडला. मेल्फनं शेवटपर्यंत 'हो' साठीच हात वर ठेवला. मग त्यानं अध्यक्षाची घंटा टेबलाच्या मधोमध ठेवली, कोट घेतला आणि निघून गेला. राइनर्सनं वायरी गुंडाळल्या. जाताना माझ्याशी हात मिळवायला आला. मी मिळवला नाही. असभ्यपणा झाला, होऊ दे.

छोटं यंत्रही बंद झालं, करार मोडायचा दंड भरावा लागला. पाणी फोडायचं यंत्र एल्ब नदीकाठच्या एका कारखान्यानं घेतलं. त्यांना हायड्रोजनच हवा होता, तसाच, पुढे त्याचा मिथेन न करता. चकचकीत मनोरा भंगारात गेला. बँकेचे हप्ते चक्क्यांच्या नफ्यातून अजून जातायत आणि माझे केस पूर्ण पांढरे होईपर्यंत जात राहतील. छप्पर राहिलंच.

तलावाचा प्रश्न तसाच होता. मी जिल्हा कचेरीत गेले, दोनदा, तीनदा. टेबलामागचा तरुण माणूस गोड बोलायचा. तार रस्ता ओलांडते, मग नियम हा. मी म्हटलं, रस्ता आठ पावलांचा आहे. तो म्हणाला, पावलांचा प्रश्न नाही. ज्या विजेचा वायू करून निम्मी उधळायला अनुदान मिळालं, तीच वीज रस्त्यापलीकडे न्यायला दंड! मी त्याच्या टेबलावर मूठ मारली. त्याची पेन्सिल खाली पडली. ती मीच उचलून दिली, त्याचा काय दोष.

पुढच्या वर्षी मे महिन्यात एका सकाळी मी तलावाच्या कुंपणाशी झाडत होते, तर रस्त्याच्या पलीकडे मेल्फचं नळ टाकायचं यंत्र उभं. जमिनीखालून आडवं भोक पाडतं ते. मेल्फ चिखलात गुडघाभर. शेजारी ट्रेलरवर ब्रोडरची जुनी दुधाची टाकी, भली मोठी, लोकरीच्या पट्ट्यांत गुंडाळलेली. मी कुंपणाशी गेले. आम्ही अजून बोलत नव्हतो, म्हणून तो ब्रोडरशी बोलला, मोठ्यानं, मला ऐकू जाईल असं.

"तार रस्ता ओलांडू शकत नाही. पाणी ओलांडू शकतं. गरम पाण्यावर ग्रिडचं भाडं लावायला अजून कुणाला सुचलेलं नाही."

"टाकी पलीकडेच," ब्रोडर मला म्हणाला. "चक्कीच्या पायथ्याशी. दांडा तिथे, वीज तिथेच संपते. इकडे नुसतं गरम पाणी येणार."

मी झाडू हातात धरून उभी राहिले. हे मला का सुचलं नाही याचाही राग आला. "हे दोन वर्षांपूर्वी करता आलं नसतं?" मी ब्रोडरला विचारलं.

"तिला सांग," मेल्फ म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी हिनं मला गाढव म्हटलं नव्हतं."

"त्याला सांग, तेव्हा तो गाढव नव्हता."

ब्रोडर आमच्या दोघांकडे बघून म्हणाला, "मला कुणीतरी कॉफी द्या."

तलाव सप्टेंबरात उघडला. छप्पर अजून दोन ठिकाणी गळतं, तिथे मी बादल्या ठेवते. पाणी तापतं. वारा पडला की जरा गार होतं, पोरं कुरकुरतात, मी ओरडते. मेल्फ उद्घाटनाला आला नाही. नंतर एका मंगळवारी, म्हाताऱ्यांच्या वेळेत, येऊन गुपचूप चार फेऱ्या मारून गेला. जाताना म्हणाला, "वाल्व जरा जास्त उघड, नळात पाणी रेंगाळतंय." आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते असं, वाल्ववरून.

गेल्या आठवड्यात फोन आला. पूर्वेकडच्या एका गावातली बाई, तिथल्या ग्रामसभेची. तरुण आवाज. त्यांच्याकडेही चक्क्या, त्यांच्याकडे तार अजून यायची आहे.

"हॅम्बुर्गचे एक डॉक्टर आले होते," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं हाल्मकोगमध्ये यंत्र उत्तम चाललं. खरं का?"

"खरं," मी म्हटलं. "उत्तम चाललं."

"मग बंद का केलंत?"

मी सांगायला लागले. ती ऐकत होती, पण मधेच म्हणाली, "अहो, पण आमचा वारा वाया जातो हो! काल वादळात सगळ्या चक्क्या थांबवल्या. इथे लोक इतके चिडलेत!"

तिच्या आवाजात तोच राग होता, अगदी तोच, मेल्फचा. फोनवरून तो विझवता येणार नव्हता. मी विचारलं, "सभा कधी आहे?"

"गुरुवारी."

मी मेल्फला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू जा. तुला ओरडता येतं."

"ओरडून उपयोग नाही. माझ्याकडे बघून म्हणतील, ही आधीपासूनच विरोधात होती. तू त्यात होतास. तुला आवडलं होतं ते."

"अजून आवडतं," तो म्हणाला. त्याचा आवाज चिडका झाला. "ज्योत बघितली होतीस ना तू? ते खरं होतं. फक्त आपल्या ऐपतीचं नव्हतं, आणि हे सांगायला त्यानं पैसे घेतले, आणि सांगितलंच नाही, म्हणजे सांगितलं, पण..."

"हेच बोल तिथे."

"मला शिकवू नकोस."

गुरुवारी मी गाडी त्याच्या दाराशी लावली. तो लग्नातला कोट घालून आला, दाढी केलेली, हातात काहीच नव्हतं. बसला, पट्टा लावला.

"तू एक अक्षर बोलायचं नाही," तो म्हणाला. "मी बोलणार."

"बघू," मी म्हटलं आणि गाडी सुरू केली.